नावावरून मालिकेकडे : छायाचित्रे शोधण्याविषयी वाचकांचे प्रश्न

संकेतस्थळांवर आणि समाजमाध्यमांवर चांगली छायाचित्रे कशी शोधावीत, ती कशी पाहावीत आणि त्यांच्यावर कितपत विश्वास ठेवावा, याविषयी वाचकांची बरीच पत्रे आमच्याकडे आली आहेत. एकाच आशयाची पत्रे एकत्र करून त्यांतील सहा प्रश्न या सदरात घेतले आहेत. काही उत्तरे लांबली आहेत, कारण त्या प्रश्नांचा निकाल दोन ओळींत लावणे योग्य वाटले नाही.

प्रश्न : रोज रात्री मी मोबाइलवर बराच वेळ छायाचित्रे पाहते. पाहताना त्यांतली बहुतेक सुंदर वाटतात, पण दुसऱ्या दिवशी एकही आठवत नाही. सगळी एकसारखीच का भासतात? खरोखर चांगले काम कोठे आणि कसे सापडेल?

उत्तर : आपल्या नजरेत दोष नाही, ती छायाचित्रे पुष्कळदा खरोखरच एकसारखी असतात. आपण कोणत्या चित्रावर क्षणभर अधिक रेंगाळलात, कशाला पसंती दिलीत आणि काय पुढे पाठवलेत याची नोंद समाजमाध्यमाची शिफारस-यंत्रणा ठेवते आणि त्याच धर्तीचे आणखी काही आपल्यापुढे आणते. दुसरीकडे, कोणत्या चित्रांना दाद मिळते हे छायाचित्रे काढणाऱ्यांनाही दिसत असते, त्यामुळे तेही तशीच चित्रे काढू लागतात. पेनेलोपी अंब्रिको या अमेरिकन कलावतीने जानेवारी २००६ मध्ये फ्लिकर या संकेतस्थळावर सूर्यास्ताची चित्रे शोधली, तेव्हा ५,४१,७९५ नोंदी निघाल्या. त्या चित्रांतील केवळ सूर्यबिंबे कापून घेऊन, त्यांच्या लहान प्रती भिंतभर शेजारीशेजारी लावून तिने एक कलाकृती उभी केली आणि तो आकडाच शीर्षकात घातला. पुढे २०१८ मध्ये इन्स्टाग्रामवर ‘इन्स्टा रिपीट’ नावाचे खाते सुरू झाले. वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या वेळी काढलेली, पण हुबेहूब एकाच मांडणीची चित्रे तेथे एका चौकटीत मांडली जातात : तंबूच्या उघड्या दारातून दिसणारा डोंगर, कड्याच्या टोकाशी उभी असलेली पाठमोरी व्यक्ती आणि असेच बरेच काही. सूर्यास्ताचे छायाचित्र कोणी काढूच नये असा याचा अर्थ नाही. पण पाच लाख सूर्यास्तांनंतरचा सूर्यास्त आपल्या लक्षात राहावा, अशी अपेक्षा आपण स्वतःकडूनही करू नये.

यातून बाहेर पडण्याचा मार्ग साधा आहे, पण त्याला थोडी चिकाटी लागते. एखादे चित्र आवडले, तर त्यापुढचे चित्र पाहण्याआधी ते कोणी काढले आहे ते नाव शोधावे, आणि नाव मिळाले की त्या छायाचित्रकाराच्या स्वतःच्या संकेतस्थळावर जावे. बहुतेक गंभीर छायाचित्रकार आपले काम सुट्या चित्रांत मांडत नाहीत, तर मालिकांत मांडतात. तेथे ‘प्रकल्प’ अशा अर्थाचा एक विभाग असतो आणि प्रत्येक मालिकेसोबत चारदोन परिच्छेदांचे निवेदन असते. आधी चित्रे क्रमाने पाहावीत, मग निवेदन वाचावे आणि नंतर चित्रे पुन्हा पाहावीत. क्रम महत्त्वाचा अशासाठी की, कोणत्या चित्रानंतर कोणते यावे यावर छायाचित्रकाराने कित्येकदा चित्र काढण्याइतकेच श्रम घेतलेले असतात.

मालिका म्हणजे काय, हे दोन उदाहरणांवरून लगेच ध्यानात येईल. निकोलस निक्सन यांनी १९७५ मध्ये आपल्या पत्नीचे आणि तिच्या तीन बहिणींचे एक कृष्णधवल छायाचित्र मालिकेचे पहिले चित्र म्हणून ठेवले, आणि त्यानंतर दरवर्षी त्या चौघींचे, त्याच क्रमाने उभ्या असताना, एक चित्र २०२२ पर्यंत प्रसिद्ध केले. यांतले कोणतेही एक चित्र अचानक समोर आले तर आपण अंगठा सरकवून पुढे जाल, कारण चार बायका कॅमेऱ्याकडे पाहत उभ्या आहेत एवढेच त्यात दिसते. परंतु सगळी चित्रे ओळीने पाहिली की खांद्यावरचा हात कोणत्या वर्षी घट्ट झाला, कोण कोणाकडे कलली, कोणाच्या चेहऱ्यावर वय आधी उतरले, हे दिसू लागते, आणि ते सांगणारी एकही ओळ चित्रांखाली नसते. दुसरे उदाहरण बर्न्ड आणि हिला बेखर या जर्मन दांपत्याचे. १९५९ पासून पुढे कित्येक दशके त्यांनी पाण्याच्या टाक्या, झोतभट्ट्या, वायूच्या टाक्या, खाणींवरचे मनोरे अशा कारखानदारीच्या वास्तूंची छायाचित्रे शक्यतो ढगाळ, सावलीविरहित उजेडात आणि समोरून सरळ कोनातून काढली. एकटी टाकी कंटाळवाणी आहे हे मान्य करायला हरकत नाही; पण नऊ-बारा टाक्या एका चौकटीत शेजारीशेजारी आल्या की कोणाच्या पायांची ठेवण कशी, कोणाचे छत कसे, हे पाहण्यात वेळ कसा जातो ते कळत नाही. तात्पर्य, लक्षवेधक चित्र आणि लक्षवेधक काम या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि मोबाइलच्या पडद्यावर आपल्याला प्रामुख्याने पहिली भेटते.

सुरुवातीला नावे कोठून मिळवावीत, हा पुढचा प्रश्न उरतो. ॲम्स्टरडॅमच्या वर्ल्ड प्रेस फोटो या संस्थेची स्पर्धा १९५५ पासून चालू आहे आणि तिच्या विजेत्या चित्रांचा संग्रह खुला आहे. तेथे एकेरी चित्रांपेक्षा कथामालिकांच्या विभागात अधिक वेळ घालवावा, कारण स्पर्धेत पहिले येणारे एकेरी चित्र पुष्कळदा सर्वांत मोठ्या आवाजात बोलणारे असते, सर्वांत जाणते असतेच असे नाही. रॉबर्ट कापा, हेन्री कार्तिए-ब्रेसाँ, डेव्हिड सेमूर आणि जॉर्ज रॉजर यांनी १९४७ मध्ये स्थापलेल्या मॅग्नम या छायाचित्रकारांच्या सहकारी संस्थेच्या संकेतस्थळावर सभासदांच्या नावांनुसार काम पाहता येते. ॲलन टेलर यांनी २००८ मध्ये बॉस्टन ग्लोब या वृत्तपत्रासाठी ‘द बिग पिक्चर’ हे छायाचित्रांचे सदर सुरू केले आणि २०११ पासून ते द अटलांटिक या नियतकालिकासाठी ‘इन फोकस’ चालवू लागले. मोठ्या आकारातील छायाचित्रे, प्रत्येकाखाली छायाचित्रकाराचे नाव आणि पूर्ण फोटोओळ, ही त्यांची पद्धत नवख्या प्रेक्षकाला फार उपयोगी आहे. ‘जगातील दहा थक्क करणारी छायाचित्रे’ अशा मथळ्याच्या याद्या मात्र टाळाव्यात. त्यांत नावे बहुधा नसतात, आणि जेथे नाव नाही तेथून पुढे जाण्याची वाटही नसते.

प्रश्न : मला जुन्या छायाचित्रांची आवड आहे. मोठ्या ग्रंथालयांचे आणि संग्रहालयांचे संग्रह आता घरबसल्या पाहता येतात असे ऐकून तेथे गेलो, पण लाखो नोंदी समोर आल्या आणि गोंधळून बाहेर पडलो. सुरुवात कशी करावी?

उत्तर : संपूर्ण संग्रहात न शिरता एक संग्रह, त्यातला एक छायाचित्रकार आणि शक्य तर त्याचा एकच प्रवास किंवा एकच वर्ष निवडावे. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेस या राष्ट्रीय ग्रंथालयातील, फार्म सिक्युरिटी ॲडमिनिस्ट्रेशन या सरकारी शेतीविषयक संस्थेचा संग्रह त्यासाठी उत्तम आहे. महामंदीच्या काळात, १९३५ पासून, रॉय स्ट्रायकर यांच्या देखरेखीखाली सरकारी छायाचित्रकार ग्रामीण अमेरिकेत फिरले आणि त्या कामातून सुमारे १,७५,००० कृष्णधवल निगेटिव्हचा साठा तयार झाला. डोरोथिया लँग, वॉकर एव्हन्स, गॉर्डन पार्क्स ही मंडळी याच कामावर होती. येल विद्यापीठात तयार झालेल्या ‘फोटोग्रामर’ या प्रकल्पात यांतील बरीचशी छायाचित्रे नकाशावर मांडली आहेत, त्यामुळे कोणता छायाचित्रकार कोणत्या भागात कधी होता, हे पाहत पाहत हिंडता येते.

अशा संग्रहाचे खरे मोल प्रसिद्ध चित्राच्या आजूबाजूच्या चित्रांत असते. लँग यांनी मार्च १९३६ मध्ये कॅलिफोर्नियातील निपोमो येथे काढलेले स्थलांतरित मातेचे छायाचित्र आपण पाहिलेच असेल : हनुवटीपाशी हात, दूरवर लागलेली नजर आणि खांद्यांवर तोंडे लपवलेली दोन मुले. त्याच भेटीत काढलेली इतर चित्रेही या संग्रहात आहेत. त्यांत तंबू दिसतो, आजूबाजूचे सामान दिसते, थोडी मोठी मुलगी दिसते, आणि लँग पायरीपायरीने जवळ कशा गेल्या व चौकटीतून काय काय वगळत गेल्या, ते समजते. मूळ चित्राच्या उजव्या कोपऱ्यात तंबूचा खांब धरलेला एक अंगठा होता, तो नंतर निगेटिव्हवरून पुसण्यात आला. पुसण्यापूर्वीची प्रतही तेथे आहे. स्ट्रायकर स्वतः नापसंत निगेटिव्हना सरळ भोक पाडत असत, आणि अशी भोक पडलेली चित्रेही जपून संगणकावर आणली गेली आहेत. चेहऱ्यावर किंवा आभाळात काळी गोल टिकली असलेली ही चित्रे पाहताना संपादकाची सत्ता किती असते याचा अंदाज येतो.

स्थलांतरित मातेच्या त्या चित्राची आणखी एक बाजू सांगितल्याशिवाय राहवत नाही. लँग यांनी त्या स्त्रीचे नाव लिहून घेतले नव्हते. मूळ नोंदीत वाटाणे तोडणाऱ्या निराधार मजुरांपैकी एक, सात मुलांची आई, वय बत्तीस, एवढेच आहे. फ्लॉरेन्स ओवेन्स टॉम्पसन हे तिचे नाव जगाला १९७८ मध्ये समजले, आणि तेव्हा तिने त्या छायाचित्राविषयी नाराजीच व्यक्त केली. त्यातून तिला एक पैसाही मिळाला नव्हता. याउलट, लुईस हाइन यांनी १९०८ नंतर बालमजुरीविरोधी समितीसाठी गिरण्यांत आणि खाणींत मुलांची छायाचित्रे काढली, तेव्हा शक्य तेथे मुलाचे नाव, वय, कामाचे स्वरूप आणि कामाचे तास टिपून ठेवले. पाच हजारांहून अधिक चित्रांचा तोही संग्रह याच ग्रंथालयात आहे. तो पाहताना चित्रापेक्षा फोटोओळ आधी वाचावी अशी माझी शिफारस आहे. या संग्रहापुरता तोच क्रम योग्य ठरतो.

रंगांची आवड असल्यास सर्गेई प्रोकुदिन-गोर्स्की या रशियन छायाचित्रकाराकडे वळावे. १९०९ ते १९१५ या काळात त्यांनी रशियन साम्राज्यात फिरून, निळ्या, हिरव्या आणि लाल गाळण्यांतून एकापाठोपाठ एक तीन कृष्णधवल चित्रे एका काचेच्या पट्टीवर घेतली. ती तिन्ही एकावर एक प्रक्षेपित केली की रंगीत चित्र दिसे. हा संग्रह लायब्ररी ऑफ काँग्रेसने १९४८ मध्ये विकत घेतला आणि संगणकाच्या साहाय्याने तिन्ही चित्रे जुळवल्यावर रंग पुन्हा उजळले. तीन चित्रांच्या मधल्या काही क्षणांत जे हलले, म्हणजे वाहते पाणी, धूर किंवा मान वळवणारे मूल, त्याच्या कडांना आजही लाल-हिरवी झालर दिसते.

शोधताना दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पहिली, नोंदीच्या पानावर क्रमांकानुसार शेजारच्या नोंदी पाहण्याची सोय असेल तर ती अवश्य वापरावी, कारण शब्द टाकून जे सापडत नाही ते शेजारी सापडते. दुसरी, संग्रह ज्या देशातला असेल त्या भाषेतला शब्द टाकून पाहावा. भाषांतराची साधने आता हाताशी आहेतच. न्यूयॉर्कचे मेट्रोपॉलिटन संग्रहालय, ॲम्स्टरडॅमचे राइक्सम्युझियम आणि स्मिथसोनियन या संस्थांनीही आपल्या संग्रहांतील लाखो प्रतिमा मोकळ्या केल्या आहेत, पण तेथे छायाचित्रांसोबत इतर वस्तूही येतात, म्हणून आधी माध्यमाची चाळणी लावावी.

प्रश्न : मित्रांकडून एखादे विलक्षण छायाचित्र येते, पण त्यावर कोणाचेच नाव नसते. ते कोणी काढले आणि ते खरे आहे की संगणकाने बनवलेले, हे कसे ओळखावे?

उत्तर : प्रतिमेवरून प्रतिमा शोधण्याची साधने यासाठीच आहेत. टिनआय हे साधन २००८ पासून उपलब्ध आहे आणि त्यात निकाल सर्वांत जुन्यापासून लावता येतात. गूगल लेन्स सारख्या दिसणाऱ्या प्रतिमाही दाखवते, त्यामुळे चित्रातील जागा किंवा वस्तू ओळखण्यास तिचा अधिक उपयोग होतो. दोन्ही वापरावीत. सापडलेल्या प्रतींपैकी जिचा आकार सर्वांत मोठा आणि जिच्या कडा सर्वांत कमी कापलेल्या, ती मूळ प्रतीच्या जवळची असण्याची शक्यता जास्त असते. मूळ फाइलमध्ये कॅमेरा, तारीख, छायाचित्रकार अशी माहिती दडलेली असू शकते, पण निरोप पाठवण्याची बहुतेक ॲप ती चित्र लहान करताना काढून टाकतात. तेव्हा पुढे पाठवत आलेल्या चित्रात ती मिळाली नाही म्हणून चित्र खोटे ठरत नाही.

खरे-खोटे ठरवणे मात्र दिवसेंदिवस अवघड होत आहे, आणि तज्ज्ञ परीक्षकही येथे फसतात. २०२३ मध्ये बोरिस एल्डाग्सेन यांनी सोनी वर्ल्ड फोटोग्राफी पुरस्कारातील आपल्या विभागाचे पारितोषिक नाकारले, कारण त्यांचे चित्र कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतीने बनवलेले होते आणि स्पर्धा त्याला सामोरी जायला तयार आहे का, हेच त्यांना तपासायचे होते. पुढच्याच वर्षी माइल्स ॲस्ट्रे यांनी नेमके उलटे केले : डोके दिसत नसलेल्या एका रोहित पक्ष्याचे खरेखुरे छायाचित्र त्यांनी दुसऱ्या एका स्पर्धेत कृत्रिम बुद्धिमत्तेच्या विभागात पाठवले, ते तेथे पारितोषिकपात्र ठरले आणि खरे असल्याचे त्यांनी सांगितल्यावर बाद झाले. पक्षी पोट खाजवत होता, इतकेच.

तरी फेरफाराचे सगळे खापर नव्या तंत्रावर फोडणे बरोबर नाही. एडवर्ड कर्टिस यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतील मूळ रहिवाशांची हजारो छायाचित्रे काढली. पीगन जमातीच्या एका निवासातील चित्रात दोन पुरुषांच्या मधोमध एक घड्याळ होते, ते छापील आवृत्तीतून पुसून टाकले आहे, कारण ‘लोप पावणाऱ्या संस्कृती’च्या कल्पनेत घड्याळ बसत नव्हते. घड्याळासह आणि घड्याळाविना, दोन्ही रूपे आज संकेतस्थळावर शेजारीशेजारी ठेवून पाहता येतात. २०१५ मध्ये वर्ल्ड प्रेस फोटोने उपान्त्य फेरीत पोहोचलेल्या चित्रांपैकी तब्बल २० टक्के चित्रे अमान्य फेरफारामुळे बाद केली. त्याच वर्षी एका विजेत्या मालिकेचा पुरस्कार काढून घेण्यात आला. त्यातील एक चित्र सांगितलेल्या शहरात काढलेले नव्हते. म्हणजे चित्राचा एकही कण न बदलता फोटोओळीतूनही दिशाभूल होऊ शकते.

छायाचित्राच्या उगमाची आणि त्यावरील प्रत्येक फेरफाराची नोंद फाइलमध्येच सीलबंद करण्याची एक पद्धत कॅमेरा आणि सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपन्यांनी एकत्र येऊन ठरवली आहे, आणि २०२३ पासून काही कॅमेऱ्यांत ती आली आहे. ती सार्वत्रिक होईपर्यंत सर्वांत भरवशाची कसोटी जुनीच आहे. हे चित्र ज्याच्या नावावर आहे त्याची, त्याच प्रसंगातली आणखी चित्रे आहेत का? खऱ्या छायाचित्रकाराने एखाद्या ठिकाणी एकदाच कळ दाबली असे सहसा घडत नाही.

प्रश्न : संकेतस्थळावर मोफत दिसणारे छायाचित्र आमच्या संस्थेच्या वार्षिक अंकात नाव देऊन छापले तर चालेल का?

उत्तर : केवळ नाव दिल्याने परवानगी मिळत नाही, आणि मोफत पाहता येणे म्हणजे मोफत वापरता येणे नव्हे. चित्राच्या पानावरील परवान्याची ओळ वाचावी. विकिमीडिया कॉमन्सवर प्रत्येक चित्रासोबत परवाना स्पष्ट लिहिलेला असतो. क्रिएटिव्ह कॉमन्स परवाना, म्हणजे ठराविक अटींवर वापराची आधीच दिलेली मुभा, असेल तर तो कोणता, श्रेय कसे द्यायचे, फेरफार चालतो का आणि व्यावसायिक वापर चालतो का, हे पाहावे. इतरत्र छायाचित्रकाराला पत्र लिहून विचारावे. विना-नफा अंकासाठी पुष्कळजण आनंदाने होकार देतात. जुने चित्र असले तरी स्वामित्वहक्काची मुदत देशागणिक वेगळी असते, हेही विसरू नये.

प्रश्न : छायाचित्रांची चांगली पुस्तके आणि प्रदर्शने असताना ही चित्रे पडद्यावरच पाहण्यात काही विशेष आहे का? केवळ संकेतस्थळावरच शक्य असलेले प्रकल्प आहेत का?

उत्तर : बहुतेक मालिका कागदावर अधिक चांगल्या दिसतात, हे मोकळेपणाने मान्य करावे लागेल; मोठ्या निगेटिव्हवर काढलेल्या चित्रांतील बारकावे हातभर पडद्यात मावत नाहीत. पण काही कामे मात्र संगणकाशिवाय संभवलीच नसती. गॅपमाइंडर या संस्थेचा ‘डॉलर स्ट्रीट’ हा आना रोसलिंग रोनलुंड यांनी उभा केलेला प्रकल्प घ्या. अनेक देशांतील घरे मासिक उत्पन्नानुसार एका काल्पनिक रस्त्यावर ओळीने मांडली आहेत आणि प्रत्येक घरातल्या त्याच त्या वस्तूंची छायाचित्रे घेतली आहेत. दात घासण्याची साधने निवडा, आणि सर्वांत गरीब घरातल्या बोटापासून किंवा काडीपासून सर्वांत श्रीमंत घरातल्या विजेच्या ब्रशपर्यंत सगळे एका नजरेत येते. मग तीच घरे पलंगांनुसार, चुलींनुसार किंवा छपरांनुसार पुन्हा लावता येतात. एकाच उत्पन्नाच्या पण वेगवेगळ्या खंडांतल्या घरांत किती साम्य असते, हे येथे आकडे न वाचता समजते. एकेक चित्र अगदी साधे आहे, आणि ते तसेच असायला हवे होते.

जॉन राफमन यांनी तर कॅमेराच हातात घेतला नाही. गूगल स्ट्रीट व्ह्यूच्या गाड्यांनी रस्त्यारस्त्यांवर यांत्रिकपणे टिपलेल्या दृश्यांतून चमत्कारिक, हृद्य आणि कधी भयानक क्षण वेचून त्यांनी ‘नाइन आइज’ हा संग्रह केला. गाडीवरील कॅमेऱ्याला नऊ भिंगे असत, त्यावरून हे शीर्षक. मिखाएल वोल्फ यांनी स्ट्रीट व्ह्यूचीच दृश्ये आपल्या संगणकाच्या पडद्यावरून कॅमेऱ्याने टिपली, आणि २०११ मध्ये वर्ल्ड प्रेस फोटोने त्या कामाचा सन्माननीय उल्लेख केला, तेव्हा याला वृत्तछायाचित्रण म्हणावे का यावर मोठा वाद झाला. माझ्या मते ते वृत्तछायाचित्रण नाही. पण निवड हीसुद्धा छायाचित्रकाराची कृती आहे, हे त्यातून स्पष्ट होते.

जेमी लिव्हिंग्स्टन यांचे काम वेगळ्या प्रकारचे आहे. ३१ मार्च १९७९ पासून त्यांनी रोज एकच पोलरॉइड छायाचित्र काढण्याचा नेम धरला आणि तो २५ ऑक्टोबर १९९७ रोजी, आपल्या वाढदिवशी, मृत्यू येईपर्यंत पाळला. मित्रांनी ती सगळी चित्रे तारखेनुसार संकेतस्थळावर ठेवली, आणि २००८ च्या सुमारास अनोळखी लोक ती एकमेकांना दाखवू लागले. त्यांत मित्रमंडळी, जेवणाची टेबले, वाद्ये, रस्ते असे सगळे आहे. शेवटच्या महिन्यांत आजारपण, विवाह आणि रुग्णालय येते. आपल्या स्वतःच्या एखाद्या तारखेला तेथे काय होते हे पाहण्याचा मोह बहुतेकांना होतो, आणि ते पुस्तकाने इतक्या सहज साधले नसते.

व्हिव्हियन मायर यांचे नाव आपण ऐकले असेल. शिकागोत मुले सांभाळण्याचे काम करणाऱ्या या स्त्रीने एक लाखाहून अधिक निगेटिव्ह मागे ठेवल्या, आणि २००७ मध्ये त्यांतील काही एका लिलावात विकल्या गेल्या. एका खरेदीदाराने २००९ मध्ये काही चित्रे फ्लिकरवर टाकली आणि जगभर त्यांची चर्चा झाली. मायर त्याच वर्षी वारल्या होत्या. मात्र तेथील चित्रे पाहताना एक भान ठेवावे लागते : ती निवड त्यांची नाही. कोणती चित्रे मोठी करायची, कोणती वगळायची, हे त्यांनी कोणालाच सांगितले नव्हते, आणि चित्रांच्या स्वामित्वहक्कावरून पुढे न्यायालयीन वादही झाले.

आणखी दोन प्रकल्प आवर्जून पाहावेत. पीटर डिकाम्पो आणि ऑस्टिन मेरिल यांनी २०१२ मध्ये सुरू केलेले ‘एव्हरीडे आफ्रिका’ हे युद्ध आणि दुष्काळ यांपलीकडचे रोजचे जगणे दाखवते, आणि त्याच नावाच्या धर्तीवर इतर प्रदेशांतही असे गट उभे राहिले. पी. साईनाथ यांनी २०१४ मध्ये सुरू केलेल्या पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया या संकेतस्थळावर ग्रामीण जीवनावरील छायाचित्रकथा आहेत आणि त्यांतील अनेक मराठीतही वाचता येतात. फोटोओळ आपल्या भाषेत वाचायला मिळणे ही इंटरनेटवर दुर्मीळ गोष्ट आहे.

प्रश्न : आवडलेल्या छायाचित्रांचे दुवे मी जपून ठेवतो, पण काही वर्षांनी ते उघडतच नाहीत. यावर काही उपाय?

उत्तर : संकेतस्थळे बंद पडतात, पत्ते बदलतात, संस्था नवी मांडणी करतात आणि जुने दुवे तुटतात; यावर पूर्ण उपाय नाही. संकेतस्थळांच्या जुन्या प्रती साठवणाऱ्या, इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये जुना पत्ता टाकून पाहावा, पुष्कळदा पान तरी मिळते, जरी चित्रे लहान आकारातच उरलेली असली. एखादे पान आज महत्त्वाचे वाटत असेल, तर तेथेच त्याची प्रत जतन करण्याची विनंतीही करता येते. समाजमाध्यमातील ‘जतन करा’ या सोयीवर विसंबू नये, कारण मूळ खाते गेले की आपण जतन केलेलेही जाते. दुव्यापेक्षा नोंद अधिक टिकते. साध्या वहीत छायाचित्रकाराचे नाव, मालिकेचे शीर्षक, वर्ष, संग्रह आणि असल्यास नोंदीचा क्रमांक लिहून ठेवावा. लायब्ररी ऑफ काँग्रेससारख्या ठिकाणी पानाचा पत्ता बदलला तरी त्या क्रमांकावरून तीच निगेटिव्ह पुन्हा शोधता येते.